तीन महिने हात लावायचा नाही

पोहण्याच्या तलावामागे, कपडे बदलायच्या खोल्या संपतात तिथे एक अरुंद दार आहे. फिकट हिरव्या रंगाचं. त्यावर काळ्या अक्षरांत पाटी रंगवलेली: 'दिवस गेले असतील, किंवा गेल्याची शंका असेल, तर आधी सांगावे.' पाटी वाचून नव्या बायका एकमेकींना कोपराने ढोसतात. साठी उलटलेली एखादी आत शिरता शिरता म्हणते, "आत्या, मला शंका नाही हो. खात्री आहे. नसल्याची."

आत्या हसत नाही. टॉवेल झटकते आणि तिलाही विचारते, "शेवटची पाळी कधी आली?"

"तुमचा मुलगा शाळेत होता तेव्हा."

मग बाहेर बाकावर बसलेल्या बायकांत हशा पिकतो आणि आत्या तेलाची बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी करते.

ती कोणाचीच खरी आत्या नव्हे, तिला भाऊच नाही. पण पस्तीस वर्षं तलावावर मालीश करणाऱ्या बाईला काहीतरी म्हणावं लागतंच, आणि मावशी म्हणावं इतकी काही ती मऊ नव्हती. अठ्ठावन्न वर्षांची, बुटकी, दंड नावाड्यासारखे. बोलणं मोजून मापून. कामावर एकदा हात ठेवला की अर्ध्यात उचलायचा नाही, हा तिचा खाक्या. एकदा तलावाचा पाण्याचा पाइप फुटून खोलीत घोट्यापर्यंत पाणी आलं होतं, तेव्हाही तिने टेबलावरच्या बाईची दुसरी बाजू पूर्ण केली आणि मगच ती आपल्या चपला शोधायला वाकली.

हे काम तिला आईने शिकवलं. आई टॉवेलाच्या घडीखाली शिवणाचा दोरा ठेवायची आणि म्हणायची, शोध. मग दोन घड्या, चार, सहा. पोरगी डोळे मिटून बोटं फिरवायची. सहा घड्यांखालचा दोरा सापडला त्या दिवशी आईने तिला पहिल्यांदा माणसाच्या अंगाला हात लावू दिला. तोही कसा, तर उलटा. तळहाताला कामाने घट्टे पडतात, त्याला पुढे ऊन-गार नीट कळेनासं होतं. हाताची पाठ मात्र जन्मभर कोरी राहते. म्हणून आई आधी दोन्ही हात उलटे करून बाईच्या दोन पोटऱ्यांवर ठेवायची, एकेका पोटरीवर एकेक, आणि मनात दहा आकडे म्हणायची. दोन्ही सारख्या लागल्या तरच तेल. एक ऊन आणि एक गार लागली, तर बाईला चादर पांघरून द्यायची आणि डॉक्टरकडे पाठवायचं. का, ते आईला सांगता येत नसे. तिच्या आईनेही तिला सांगितलं नव्हतं.

आत्या ते इमानाने करत आली. पस्तीस वर्षांत तिने अशा सहा बायका टेबलावरून उठवून पाठवल्या. त्यातल्या दोघी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवायला परत आल्या होत्या. आत्याला त्यातलं इंग्रजी वाचता आलं नाही, पण त्यांनी तिचे हात धरून ठेवले होते ते तिच्या लक्षात होतं.

दारावरची पाटी मात्र आईची नव्हे. ती आत्याची स्वतःची. बावीस वर्षांपूर्वीची.

तेव्हा तलावावर लहान मुलींना पोहायला शिकवणारी एक तरुण बाई होती. लग्नाला वर्ष झालेलं. दिवसभर कमरेइतक्या पाण्यात उभं राहून तिची पाठ धरायची. एका गुरुवारी शिकवणी संपल्यावर ती ओल्या केसांनी खोलीत आली आणि टेबलावर पालथी पडली. "आत्या, ही पाठ तरी काढून ठेवा, नाहीतर मी तरी हिला सोडून जाते." आत्याने अर्धा तास तिची पाठ आणि कंबर दाबली. काही विचारलं नाही. तेव्हा ती कोणालाच काही विचारत नसे. बाई टेबलावरच झोपून गेली.

सोमवारी तिला रक्त गेलं. सातवा आठवडा होता. तिला स्वतःलाही नुसती शंका होती, घरात अजून धड सांगितलंही नव्हतं.

आठवड्याने तिची सासू तलावावर आली. बायकांची वेळ, पाण्यात पंधरा-वीस जणी. सासू चपलांसकट ओल्या काठावरून चालत आली आणि आत्यासमोर उभी राहिली. "ह्या हातांनी गेलं ते," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू बोलली, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. पाण्यात हातपाय मारणाऱ्या बायका एकेक करत थांबल्या.

पोहणं शिकवणारी बाई महिन्याने आली, नोकरीचा राजीनामा द्यायला. जाताना तिने आत्याचा टॉवेल परत दिला, धुऊन, घडी करून. दारातच उभी राहिली. "तुमचं काही नाही आत्या," ती म्हणाली. "मीच आले होते ना. कोणी बोलावलं नव्हतं." मग ती नवऱ्याच्या बदलीच्या गावी गेली. कुठल्या, ते आत्याने विचारलं नाही. विचारायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं.

पुढच्या रविवारी आत्याने पाटी रंगवली. आणि स्वतःशी नियम केला: पहिले तीन महिने हात लावायचा नाही. पाठीला नाही, पायाला नाही, बोटाच्या पेरालाही नाही. बायका म्हणायच्या, किती काळजी घेते बघा. पाटी भिंतीवर जुनी झाली की तिचं कारण कोणी विचारत नाही.

आत्याचं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. मुलगा लिफ्ट बसवायच्या कंपनीत कामाला होता आणि घराला लिफ्ट नव्हती. हा विनोद त्या जिन्यात रोज कोणी ना कोणी करायचं. त्या दिवसांत तो परगावी एका उंच इमारतीच्या कामावर गेला होता, दोन महिन्यांसाठी. घरात आत्या आणि सून.

सून बस स्टँडवर तिकिटांच्या खिडकीत बसायची. काचेच्या भोकातून बोलून बोलून तिचा आवाज घरातही काचेपलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखा लागायचा. तिला नववा आठवडा होता. मधले पंधरा दिवस तिने उलट्यांपायी अंथरुणातच काढले होते, पाण्याचा घोटही पोटात टिकत नव्हता. आता जरा सावरून चार दिवस कामावर जाऊ लागली होती. आठ तास स्टुलावर, पाय लोंबते.

त्या संध्याकाळी ती घरी आली आणि खुर्चीत बसून तिने डावा पाय समोरच्या स्टुलावर टाकला.

"आई, पोटरीत गोळा आलाय. जरा दाबून द्या ना."

आत्या तलावावरचे टॉवेल घडी करत होती. "कधीपासून?"

"परवापासून. जातच नाही मेला."

"पाणी पी. घोट घोट पी."

"आई, मी पाणी नाही मागितलं. हात मागितला."

आत्याने टॉवेलाची कड कडेला लावली. "तीन महिने हात लावायचा नाही."

"अहो पोटाला ना. ही पोटरी आहे. नावं सारखी असली तरी मध्ये केवढं अंतर आहे."

"कुठेच नाही."

"सगळ्या गावाला हात आहे तुमचा," सून म्हणाली. तिने हसत सुरुवात केली होती, पण हसू अर्ध्यातच राहिलं. "त्या बँकेतल्या बाईंच्या टाचासुद्धा तुम्ही तासभर घासता. आणि घरच्या सुनेला पाटी वाचून दाखवता."

"पाटी सगळ्यांना आहे."

"पण का?"

का, ते नववा आठवडा चालू असलेल्या पोरीला कसं सांगायचं. आत्याने पुढचा टॉवेल उचलला. "मी सांगते म्हणून."

"हे उत्तर तुमच्या मुलाला चालतं. मला दिवसाला दोनशे माणसं 'का' विचारतात. बस उशिरा का, सुटे का नाहीत, खिडकी बंद का. मी सगळ्यांना उत्तर देते. काचेतून का होईना."

मोरीतला नळ ठिबकत होता. सुनेने पाय खाली घेतला आणि उठताना तोंड वाकडं केलं. "ठीक आहे. स्टँडसमोर एक पार्लर आहे. उद्या पाचला काम सुटलं की जाऊन येते. तिथली मुलगी अंगात जोर असलेली आहे म्हणे, आणि काही विचारत नाही."

"जाऊ नकोस."

"मग तुम्ही दाबा."

आत्याचे हात टॉवेलात होते. तिने ते तिथेच ठेवले. सून आत जाऊन आडवी झाली.

सकाळी सून बूट घालायला बसली. आदल्या दिवशीच्या मोज्यांच्या इलॅस्टिकच्या खुणा अजून पायांवर होत्या. उजव्या पायावर नुसती रेघ. डाव्यावर खोल चर, बोट बसेल एवढी. आत्याने पाहिलं आणि लगेच मान वळवली. पाय बघितला की त्यावर हात ठेवावासा वाटणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दिवस गेल्याचं कळल्यापासून ती सुनेकडे अशीच बघत होती, मानेच्या वर. एका मोज्याचं इलॅस्टिक नवं असेल, तिने स्वतःला सांगितलं. डबा भरून दिला.

"येते," सून म्हणाली, रुसव्याच्या सुरात. जिना उतरताना तिचा एक पाय जोरात वाजत होता आणि एक हळू.

दुपारी तीनला बँकेतल्या बाई आल्या. या दर पंधरवड्याला यायच्या आणि टेबलावर पडल्यापासून बँकेतल्या साहेबांची उणीदुणी काढायच्या. आत्याने चादर वर केली, हात उलटे केले आणि दोन पोटऱ्यांवर ठेवले. एक, दोन, तीन.

"आणि आत्या, तो म्हणतो कसा, फाइल तुमच्याच टेबलावर होती. माझ्या टेबलावर. मी म्हटलं..."

चार, पाच, सहा. उजवी, डावी. सारख्या.

सातवर आत्या थांबली.

एक रेघ आणि एक चर.

पस्तीस वर्षं ती परक्या पोटऱ्यांना हे करत आली होती. बँकेतल्या बाईंना दर पंधरा दिवसांनी. घरातली एक पोटरी परवापासून दुखतेय म्हणत होती, आणि तिने तिच्यावर हाताची पाठही टेकवली नव्हती.

"थांबलात का?" बाईंनी मान वळवली.

"कपडे घाला."

"म्हणजे? अजून तेल नाही लावलंत."

"आज नाही. मला जायचंय."

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"मला बरं आहे," आत्या म्हणाली. आणि आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर बाई असताना ती खोलीबाहेर पडली. चपला हातात घेऊनच.

स्टँडवर खिडकीपुढे रांग होती. ती सरळ पुढे गेली तेव्हा एकजण म्हणाला, "आजी, आम्ही काय शोभेला उभे आहोत?" ती मागच्या दाराने आत शिरली. खिडकीमागची खोली म्हणजे जेमतेम दोन स्टुलं, एक पंखा, तिकिटांचे गठ्ठे. सुनेने वळून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आई? काय झालं? ह्यांना काही..."

"त्याला काही नाही झालेलं. पाय दाखव."

"इथे?"

"इथेच."

"अहो रांग आहे."

"असू दे."

काचेपलीकडून आवाज आला. "बाई, माझी बस सुटेल."

"दोन मिनिटं, साहेब," सून सवयीने म्हणाली. "सासूबाई आल्यात."

"मग दोन मिनिटांत काय होणार," तो म्हणाला, आणि रांगेत पार मागपर्यंत हसू गेलं.

आत्या स्टुलापाशी जमिनीवर बसली. सुनेचे बूट काढले, मोजे काढले, दोन्ही पायांवरचं कापड गुडघ्यापर्यंत दुमडलं. हात उलटे केले आणि पोटऱ्यांपासून वीतभर अंतरावर ते थांबले. नऊ आठवडे. तिला ओला काठ दिसला, चपला घातलेली सासू दिसली, पाण्यात थांबलेल्या बायका दिसल्या.

"आई," सून हळू म्हणाली. आता तो काचेतला आवाज नव्हता. "काय झालंय मला?"

आत्याने हात टेकवले.

उजवी पोटरी कोणाचीही असावी तशी होती. डावी तापलेल्या पोराच्या कपाळासारखी. आणि ताणलेली, चकचकीत. दहा म्हणायची गरज पडली नाही. गठ्ठे बांधायचा दोरा टेबलावर होता. आत्याने तो उजव्या पोटरीभोवती नुसता वेढला, न आवळता, आणि जिथे टोक भेटलं तिथे पेनाने खूण केली. तोच दोरा डाव्या पोटरीभोवती नेला. टोक खुणेपर्यंत पोचेना. मध्ये दोन बोटांची जागा राहिली.

"दम लागतो का?"

"जिना चढताना. पण तो तर सगळ्यांनाच लागतो."

"छातीत दुखतं?"

"नाही."

"ऊठ, दवाखान्यात जायचंय. बाहेर गाडी करू. आणि ह्या पायाला चोळायचं नाही, दाबायचं नाही, शेकायचं नाही. कोणालाही हात लावू द्यायचा नाही."

"बाळाला काही..."

"मला माहीत नाही," आत्या म्हणाली. खोटं बोलावंसं वाटलं, पण जिभेवर आलं नाही.

सुनेने खिडकीची फळी ओढली. पलीकडचा प्रवासी काहीतरी बोलणार होता, पण तिचा चेहरा बघून बाजूच्या खिडकीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई सुनेपेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी आधी पाय बघितला, मग सोनोग्राफीच्या खोलीत नेलं. आत्या बाहेर बाकावर बसली, हातातला दोरा बोटाला गुंडाळत आणि उलगडत. बोलावल्यावर आत गेली तेव्हा सून खाटेवर पडून छताकडे बघत होती.

"पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गरोदरपणात रक्त लवकर गोठतं. त्यात उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं, पंधरा दिवस पडून राहणं झालं, मग आठ आठ तास बसणं. रक्त न गोठण्याची इंजेक्शनं आजच सुरू करायची. बाळंतपण होईपर्यंत रोज, आणि नंतरही काही आठवडे. ते औषध बाळापर्यंत पोचत नाही." त्यांनी पुन्हा पायाकडे पाहिलं. "मला एक सांगा. कोणी मालीश केलीये का ह्या पायाला? गोळा आला म्हणून दाबून, रगडून?"

"नाही," सून म्हणाली. "मी मागे लागले होते. आईंनी करून दिली नाही." मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. "मी पाचला पार्लरमध्ये जाणार होते."

घड्याळात सव्वापाच झाले होते.

"गेला नाहीत ते फार बरं झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रगडल्याने गुठळीचा तुकडा सुटून फुफ्फुसात जाऊ शकतो. मग पुढचं फार अवघड असतं." त्या आत्याकडे वळल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

आत्याने हात उलटे करून टेबलावर ठेवून दाखवले. मग दोरा दाखवला.

डॉक्टरीणबाईंनी दोरा हातात घेतला, खूण पाहिली. "छान. पण ह्या तर म्हणतायत काल संध्याकाळीच हात मागितला. मग कालच का नाही लावलेत हात?"

"तीन महिने हात लावायचा नाही, असा नियम आहे माझा," आत्या म्हणाली.

"कोणी घातला?"

आत्याने खाटेकडे पाहिलं. "बाहेर बोलू का?"

बाहेर, पाणी प्यायच्या पिंपाशेजारी उभं राहून तिने सगळं सांगितलं. गुरुवार, सोमवार, टॉवेल. बावीस वर्षांत पहिल्यांदा तोंडाने सांगितलं, आणि सांगून होईपर्यंत दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत याचं तिलाच नवल वाटलं.

डॉक्टरीणबाई भिंतीला टेकल्या. "त्या बाईंना मी तपासलेलं नाही. त्यामुळे नक्की काय झालं ते मी काय, कोणीच सांगू शकणार नाही. पण सातव्या-आठव्या आठवड्यात पडतं ना, त्यातलं बरंचसं मुळात गर्भाची घडणच नीट झालेली नसते म्हणून पडतं. ते आईच्या हातात नसतं. पाठ दाबणारीच्या तर नसतंच. रोज बघते मी. वजन उचललं म्हणून, जिना चढले म्हणून, नवऱ्याशी भांडले म्हणून. प्रत्येकीला काहीतरी कारण सापडलेलं असतं, आणि त्यात गुन्हेगार तीच असते."

"म्हणजे माझ्या हातांनी नाही."

"पाठीच्या मालीशने गर्भ पडतो असं मानायला मला तरी काही आधार दिसलेला नाही."

आत्या पिंपाच्या तोटीकडे बघत होती. "मग नियम चुकला माझा."

"अर्धा. विचारता ते बरोबरच आहे. सुरुवातीला पोटावर हात चालवायचा नाही, पोटऱ्यांवर जोर काढायचा नाही, गरम वाफेत बसवायचं नाही. रक्त जातंय, ताप आहे, एकच पाय सुजलाय, तर तेल बाजूला ठेवून इकडे पाठवायचं. तिच्या डॉक्टरांना विचारून पाठ, खांदे हलक्या हाताने चोळलेत तर त्यात वावगं काही नाही. पण दाबणार नाही म्हणून बघायचंच नाही, हे कसं चालेल? तुमच्या ह्या उलट्या हातांनी काय बिघडणार होतं? एक दिवस गेला ना."

आत्याने मान हलवली. माफी मिळेल असं तिला वाटलं होतं की काय कोण जाणे. एक ओझं उतरलं तर त्याच जागी दुसरं येऊन बसलं, बावीस वर्षांचं नव्हे, एका दिवसाचं.

सून चार दिवसांनी घरी आली. इंजेक्शन पोटावरच्या कातडीत घ्यायचं होतं. नर्सने दोघींना शिकवलं. सून पहिल्याच दिवशी स्वतः टोचून मोकळी झाली. आत्या शेजारी डोळे गच्च मिटून उभी.

"आई, टोचलं मला. तुम्ही का कण्हताय?"

"झालं का?"

"केव्हाच. डोळे उघडा. माणसांची हाडं वाजवता आणि सुईला घाबरता."

तिसऱ्या मजल्याचे जिने बंद झाले; तपासणीला जायचं तेव्हा शेजारी तिला खुर्चीत बसवून उतरवायचे. मुलगा दोन दिवस येऊन गेला, आणि गावातल्या लिफ्टा बसवून घरची बायको वर अडकली याबद्दल अख्ख्या जिन्याची बोलणी खाऊन परत कामावर गेला. पायाची सूज हळूहळू ओसरली. अकराव्या आठवड्यात पुन्हा सोनोग्राफी झाली. ठोके नीट ऐकू आले. "आतापर्यंत सगळं ठीक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी 'आतापर्यंत' हा शब्द गाळला नाही आणि आत्याला ते बरं वाटलं. निघताना सुनेनेच विचारलं, खांदे फार आखडलेत, आईंनी चोळले तर चालतील का. "खांदे आणि मान. हलक्या हाताने. पायाकडे जायचं नाही, पोटाकडे नाही. दुखलं तर थांबायचं."

आत्याने तलावावरच्या दारावर जुन्या ओळीखाली एक ओळ वाढवली होती: 'एकच पाय सुजला, तापला असेल तर तेही सांगावे.' जागा पुरली नाही, म्हणून शेवटचे दोन शब्द बारीक आले.

तपासणीहून परतल्यावर त्या दुपारी सून खुर्चीत उलटी बसली, खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात आणि हातांवर हनुवटी. खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी दिसत होत्या. आत्या मागे उभी राहिली. तेल घेतलं नाही. हात आधी उलटे करून खांद्यांवर ठेवले.

"तिथेही दहा मोजता?"

"गप्प बस."

मग हात सुलटे केले. अंगठे मानेच्या बुडाशी ठेवले.

"त्या दिवशी बाहेर पिंपापाशी काय बोलत होतात?" थोड्या वेळाने ती म्हणाली. "मी ऐकायचा प्रयत्न केला. एक अक्षर आलं नाही."

आत्याने अंगठे थांबवले नाहीत. समोर तोंड नव्हतं, नुसती मान होती, म्हणून असेल, बोलता आलं. तिने सगळं सांगितलं. सासूचं वाक्य सांगितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. समोरच्या गच्चीवर एक बाई येऊन चादरी काढू लागली.

"त्या काय म्हणाल्या होत्या शेवटी?" सुनेने विचारलं. "टॉवेल द्यायला आल्या तेव्हा."

"मीच आले होते ना, म्हणाली. कोणी बोलावलं नव्हतं."

"मग त्यांना कोणी सांगितलं का?"

"काय?"

"जे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं ते."

आत्याचे अंगठे खांद्याच्या कडेवर थांबले. बावीस वर्षं तिने ते ओझं आपलंच मानलं होतं. त्याचं दुसरं टोक त्या शिकवणाऱ्या बाईने उचललेलं होतं, आणि ते अजून कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी घरात तसंच उचललेलं असेल.

"पत्ता नाही माझ्याकडे," ती म्हणाली.

"तलावाच्या जुन्या कागदांत असेल. राजीनामा दिला होता ना त्यांनी? पुढचा पत्ता लिहिला असेल."

"इतकी वर्षं कोण ठेवतं."

"विचारायला काय जातं? मी येते बरोबर. जिना चढायला परवानगी मिळाली की."

सुनेच्या डाव्या खांद्याच्या आत, हाडाच्या कडेला, दोऱ्याएवढी एक ताणलेली शीर तिच्या बोटाला लागली होती. तिने त्यावर अंगठा ठेवला. दाबला नाही.

"इथे?"

"जरा वर."

"इथे?"

"हं," सून म्हणाली. "तिथेच. राहू द्या."